पहिली हाक

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तीनच ओळी, पण मिळाल्या. बोटीवर चढल्यापासून तू एकही फोन उचलला नाहीस, तेव्हा तुझ्या लेखी बहीण संपली असंच मी धरून चालले होते. कंपनीच्या पत्त्यावर टाकलं की पुढच्या बंदरात तुझ्या हाती पडेल असं लिहिलंयस, म्हणून हे लिहायला बसले.

तुझी लेक बरी आहे. वजन नीट वाढतंय. मी तिला रोज दुकानात नेते. काउंटरच्या मागे फ्रेमांचे रिकामे खोके पडलेले असायचे, ते हलवून तिथे पाळणा ठेवलाय. मागच्या खोलीत काचवाले काका भिंगं घासतात. त्या यंत्राच्या घरघरीवर तिला गाढ झोप लागते आणि यंत्र थांबलं की टक्क जागी होते. काल काका जेवायलाच उठेनात. म्हणाले, "झोपलीय ती. कशाला उगाच बंद करा." काकांना कमी ऐकू येतं, हिचं रडणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमतं. गिऱ्हाइकांचंही जमतं. नंबर तपासून घ्यायला आलेली माणसं आधी पाळण्यात डोकावतात आणि मग खुर्चीवर बसतात.

नावाचं विचारलंयस. तुझ्या बायकोने काही ठरवलं होतं का, आणि शेवटी काही बोलली का. धाकट्या, हे मी तुला तू पोचलास त्याच दिवशी सांगितलंय, दवाखान्याच्या जिन्यात. ऑपरेशननंतर ती गुंगीत होती आणि गुंगीतच गेली. तेच पुन्हा पुन्हा विचारून उत्तर बदलणार आहे का?

नावाची घाई नाही. मी 'बाळ' म्हणते, काका 'मालकीणबाई' म्हणतात, दोन्ही हाकांना ती सारखाच मान देते, म्हणजे लक्षच देत नाही. फारच अडलं तर आपल्या आईचं नाव ठेवू. आजीचं नाव नातीला, कोण नको म्हणणार आहे?

तू निघताना मी जे बोलले, तुझ्यासारख्या बापापेक्षा बाप नसलेला बरा, ते रागात बोलले. पण दुपट्यात गुंडाळलेलं पोर मी पुढे केलं आणि तू तोंड फिरवलंस, हेही खरं आहे. दोघांनीही विसरावं.

तब्येतीला जप. इंजिनरूममध्ये उघड्या अंगाने काम करू नकोस, मागे भाजलं होतंस. करार पुरा करूनच ये. इथे सगळं माझ्या हाताखाली आहे.

ताई


४ मार्च

धाकट्या,

एवढं लांब पत्र तू शाळेतही कधी लिहिलं नव्हतंस. दुकान उघडायच्या आधी वाचलं, मग पहिल्या गिऱ्हाइकाला डावीकडचं भिंग उजव्या डोळ्याला लावून बसले.

तुमच्या पैजेचं मला माहीत नव्हतं. बाळ जो आधी पाहील त्याने नाव ठेवायचं, अशी पैज. तू त्या वेळी समुद्रावर असणार हे तुम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक. म्हणजे पैज नुसती नावाला, तू ती तिला देऊनच टाकली होतीस. आणि नाव तिने आधीच ठरवून मनात ठेवलं होतं. मुलगा असो, मुलगी असो, एकच. कुठल्याशा वासाच्या पानाचं. तुला ओळखायला लावायची आणि तू पुदिना म्हणालास, ओवा म्हणालास, मग शेपू म्हणालास, तेव्हा हसून हसून तिला उचकी लागली. शेपू नावाचं पोर शाळेत एक दिवस तरी टिकेल का, असं तू विचारलंस म्हणे.

हे वाचून मलाही हसू आलं.

पुढे तू लिहिलंयस, 'ते नाव कळलं तर मी येईन. बाळ म्हणून मी कोणाकडे येऊ? बाळ कुणाचंही असतं. तिने ठेवलेलं नाव मिळालं तर त्या नावाच्या माणसाला भेटायला येता येईल.' हे मी दुकानात वाचलं आणि घरी आल्यावर परत वाचलं.

मी रोपवाटिकेत जाऊन आले. तुझी बायको जिथे काम करायची तिथल्या मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वासाची पानं आमच्याकडे ढीगभर, तिच्या मनात कुठलं होतं ते मी कसं सांगू? तिचे हातमोजे अजून खुंटीला टांगलेले आहेत म्हणाल्या, काढवत नाहीत. मी तशीच परत आले. तेव्हा तो नाद सोड.

आणि खरं सांगू का, पाल्याचं नाव माणसाला ठेवू नये. त्यातून असं धड बाईचं ना धड बाप्याचं. हजेरी घेताना मास्तरांनी 'उभा राहा' म्हणायचं की 'उभी राहा'? जन्मभर प्रत्येकाला समजावत बसायचं. आईचं नाव ठेवू. ती हजेरीत कुठे अडणार नाही.

बाळ आता उपडं पडतं आणि पडलं की सुलटं होता येत नाही म्हणून सगळ्यांवर रागावतं. हा स्वभाव कुणाचा ते मी लिहीत नाही. परवा पहिल्यांदा आवाज करून हसली. काकांनी चष्मा उलटा घातला होता, त्याला हसली. काका दिवसभर तो उलटाच घालून बसले.

तू येण्याची ओढाताण करू नकोस. इथून गेलेलं माणूस इथे येऊन मिळत नाही.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

आता ती बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

मागच्या आठवड्यात ताप आला. दोन दिवस मी सर्दीचाच समजले. मग छाती वाजायला लागली, दूध घेईना, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. तशीच उचलून दवाखान्यात नेली. तोच दवाखाना. दुसरा जवळ नव्हता. ठेवून घेतलं, नळी लावली, आणि खाटेला चिठ्ठी अडकवली. चिठ्ठीवर आपलं आडनाव आणि त्याच्या आधी 'बाळ'. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्यांची नावं. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अजून बाळच? सहा महिने होत आले. हिला हाक कशी मारता?" मी म्हणाले, "ठरायचंय."

तिथे एक सिस्टर भेटली. तुझ्या बायकोच्या वेळी बाळंतिणींच्या वॉर्डात होती, आता मुलांच्या वॉर्डात आहे. तिने मला ओळखलं, हिलाही ओळखलं. मग ती बोलत बसली.

तुला एक सांगायचं राहून गेलं. तुझी बायको थोडा वेळ शुद्धीवर आली होती. अगदी थोडा वेळ. पाणी मागितलं. बाळ कसं आहे विचारलं. बाकी विशेष काही नाही. त्या गडबडीत तुला सांगायचं राहिलं, आणि मग तू गेलासच.

परवा घरी सोडलं. औषध चालू आहे. तुला काळजी नको.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. हात आत घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. ते खोटं आहे. त्याच्या आधीची दोन्ही खोटी आहेत. आणि जिन्यात जे बोलले तेही.

सिस्टर काय म्हणाली ते आधी लिहिते, कारण ती तसं म्हणाली नसती तर मी आजही लिहिलं नसतं. त्यामुळे मला चांगलं म्हणायला कुठे जागा उरत नाही. हिच्या छातीला वाफ देता देता ती म्हणाली, "ही त्या झाडवाल्या बाईंची ना? केवढ्या बोलत होत्या हो त्या. अंगात रक्त नाही आणि तोंडाला खळ नाही. नावही ठरवून ठेवलं होतं, काहीतरी वासाचं. ठेवलंत ना तेच?" आणि चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

तर ऐक. दुपार होती. ऑपरेशन होऊन बराच वेळ झाला होता. माळीण जागी झाली. तू तिला माळीण म्हणायचास, मी आजवर तोंडाने कधी म्हटलं नाही, आज म्हणते. तिने पाणी मागितलं, ओठ ओले करण्यापुरतंच द्यायचं होतं तेवढं दिलं. बाळ मागितलं. मी तिच्या कुशीत ठेवलं. तिने आधी चेहरा पाहिला नाही, डोक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "अजून नुसतंच दूध."

मग म्हणाली, "ताई, हिचं नाव मरवा."

मी म्हणाले, "मरवा? अगं, त्यात 'मर' आहे."

ती हसली. हसताना टाके दुखले तसा पोटावर हात धरला. "तुम्ही चष्मेवाल्या, तुम्हाला एकच अक्षर मोठं करून बघायची सवय. पूर्ण वाचा की. जुनं नाव मरुवक. त्याचा झिजून मरवा झाला."

"पण मरवा तो असतो. ही मुलगी आहे."

"तो दगड आणि ती वीट," ती म्हणाली. "भिंतीत बसल्यावर कोण विचारतं? मुलगा झाला असता तरी मरवाच. मी काही मुलाला एक आणि मुलीला एक अशी दोन नावं ठेवून एक फुकट घालवणारी नाही."

मी विचारलं, इतकी झाडं तुझ्या हाताखाली, हेच का? ती दमली होती. म्हणाली, "त्याला फुलावं लागत नाही. पानातच सगळं असतं. छाटला तर दाट होतो. वाळला तरी वास जात नाही, डबा उघडला की आहेच. अजून काय पाहिजे माणसाला?"

मग तिने मला जवळ बोलावलं. हे तुझ्यासाठी आहे, धाकट्या, हे मी सहा महिने दाबून बसलेय. म्हणाली, "त्याला सांगा, पैज मी जिंकले, म्हणून नाव माझं. पण पहिली हाक त्याने मारायची. तो येईपर्यंत कुणी तिला या नावाने बोलवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही हं, ताई. तेवढं त्याच्यासाठी ठेवा."

मी हो म्हणाले. नंतर तिला झोप लागली असं मला वाटलं. पुढचं तुला माहीत आहे.

जिन्यात तू विचारलंस, काही बोलली का, आणि मी नाही म्हणाले. का म्हणाले? तुझा चेहरा पाहून वाटलं, हे ऐकलं तर हा इथेच कोसळेल, आठवड्याने सांगू. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते कुणीतरी दुसऱ्याने सांगितल्यासारखं वाटतं. त्यात थोडं खरं आहे. पण आठवड्याच्या आत तू निघून गेलास आणि पोर माझ्याकडे राहिलं. माझ्या घरात कधी पाळणा हलणार नाही हे कधीचं ठरून गेलेलं, तुला माहीत आहे, त्यावरून माझा संसार कसा मोडला तेही माहीत आहे. आणि आता पाळणा माझ्या काउंटरच्या मागे. मग मार्चमध्ये तुझं पत्र आलं, नाव कळलं तर येईन. म्हणजे माझ्या तोंडात एक शब्द होता, आणि तो बाहेर पडला की माझं घर रिकामं. मी तोंड मिटलं. एवढंच आहे सगळं. याला मोठं काही कारण नाही.

रोपवाटिकेत मी गेलेच नव्हते. मालकीणबाईंचं बोलणं मी रचलं, ते हातमोजेही रचले. आज सकाळी खरंच गेले. मालकीणबाईंनी मरव्याचा वाफा दाखवला. हिरवट राखाडी, गुडघ्याच्याही खाली, काही बघण्यासारखं नाही. पान चुरडलं आणि मी मागे सरले, इतका वास. मी हातमोज्यांचं विचारलं. उगाच विचारलं, आपलं खोटं खरं निघालं तर बरं असं काहीतरी मनात असेल. त्या म्हणाल्या, "हातमोजे? तिने कधी घातले नाहीत. हाताला वास राहत नाही म्हणायची."

येताना वाचनालयात कोश उघडून पाहिला. मरवा, पुल्लिंगी, एक सुवासिक झुडूप, संस्कृत मरुवक. मरु म्हणजे कोरडी, पाण्यावाचूनची जमीन. या नावातला मरु तोच की दुसरा, ते तिथे लिहिलेलं नाही आणि चष्म्याच्या दुकानात बसून मी ते ठरवू नये. पण मरण त्यात कुठे नाही, एवढं पाहून आले. त्या दुपारी मी तिला ते बोलायला नको होतं. मरणाच्या दारात असलेल्या बाईला मी 'त्यात मर आहे' म्हणाले.

एक गोष्ट मात्र पाळली. तिला त्या नावाने हाक मारलेली नाही. ती तुझी आहे. ये आणि मार.

ताई


१४ जून

धाकट्या,

पत्र लिहू नकोस असं तू म्हणाला नाहीस. 'सध्या नको' म्हणालास. त्या सध्याचा मी माझ्या सोयीने अर्थ लावतेय, ही सवय तुला आता माहीत झालीय.

तू दुकानात आलास त्या दिवसाचं मला माझ्या बाजूने लिहू दे. तू तिथे होतास, पण तू तिच्याकडे पाहत होतास, मी तुझ्याकडे.

खुर्चीवर एक म्हातारबुवा होते, तपासणीची जड फ्रेम नाकावर. मी भिंग बदलून विचारत होते, "हे स्पष्ट की आधीचं?" दार वाजलं. तुझी दाढी वाढली होती, पिशवी खांद्यावरच. मरवा काउंटरच्या मागे सतरंजीवर बसलेली, चष्म्याचं रिकामं घर चावत. तू पिशवी ठेवलीस, गुडघ्यावर बसलास. घसा साफ केलास. मग तू म्हणालास, "मरवा."

तिने झटकन मान वळवली. तुझ्याकडे नाही. माझ्याकडे.

तू पुन्हा म्हणालास, तिने पुन्हा माझ्याच तोंडाकडे पाहिलं. हाक तर ओळखीची, मग आत्याचं तोंड का हललं नाही, असं. दोन्ही हात वर केले, घे म्हणून. तू सावकाश उठलास.

म्हातारबुवा म्हणाले, "बाई, ते आधीचं बरं होतं." मी हातातलं भिंग खाली ठेवलं. तू म्हणालास, "कधीपासून, ताई?"

त्याचं उत्तर आज देते. तू बोटीवर चढलास त्याच संध्याकाळपासून. ती रडत होती. बाळ म्हटलं, पिल्लू म्हटलं, आई आपल्याला म्हणायची ती सगळी गाणी म्हणून झाली. तो शब्द तोंडात होताच. दार लावून घेतलं आणि म्हटलं. ती थांबली. नावामुळे थांबली की दमली होती म्हणून, देव जाणे. मी मात्र धरूनच चालले की नावामुळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. बाहेर बाळ, दार लावलं की मरवा. एप्रिलमध्ये तुला सगळं कबूल केलं, पानभर लिहिलं, आणि शेवटी ते एक वाक्य खोटं लिहिलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळं दिलं तर एक तरी आपल्यापाशी राहावं असं काहीतरी. आणि वाटलं, त्याला कसं कळणार, ती काही सांगणार नाही. तिने सांगितलं.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालास, "तिने एकच गोष्ट मागितली होती." आणि जाऊन लॉजवर राहिलास. रोज यायचास, तिला मांडीवर घेऊन बसायचास, माझ्याशी फक्त दुधाचं आणि औषधाचं बोलायचास. काकांशी मात्र तासभर यंत्राच्या पट्ट्याबद्दल. मी आतून ऐकायचे. तुला बंदराच्या गावी गोदीच्या वर्कशॉपात काम मिळालं हे मला काकांकडून कळलं. तू तिला घेऊन निघालास तेव्हा ती तुझ्या खांद्यावर झोपली होती, हे एक बरं झालं. तिच्यासाठी.

आता कामाचं. सर्दी झाली तर दोन दिवस थांबू नकोस, लगेच दाखव. उकडलेला बटाटा खाते, गाजर थुंकते, पण दोन्ही एकत्र कुस्करलं तर तिला कळत नाही. उजव्या कानाला हात लावू देत नाही, तो झोपेत पुसायचा. शेजारच्या ज्या बाई दिवसा सांभाळणार आहेत त्यांना सांग की ती रुसली तर उचलायचं नाही, जवळ बसायचं. आपोआप येते.

कळव असं म्हणत नाही.

ताई


२१ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. फोटोही. उभी आहे, खुर्चीला धरून, आणि खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे संशयाने बघतेय. काकांनी फोटो भिंगाखाली धरून पाहिला आणि म्हणाले, "मालकीणबाई वाळल्या." वाळलेली नाही, उंच झालीय. मी त्यांना तसं सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही.

तू लिहिलंयस की राग गेलेला नाही. जाईल असं मी धरलेलं नाही. तरी तू लिहिलंस.

तुझा प्रश्न. मोठी झाल्यावर ती विचारणारच, असलं कसलं माझं नाव, कुणी ठेवलं, अर्थ काय. आईने ठेवलं हे तू सांगशील. अर्थ सांगायला तू तिला घेऊन इथल्या रोपवाटिकेत, माझ्याकडे न वळता, जाऊन आलास, वाफा दाखवलास, तिने मूठभर पानं उपटली आणि तिथल्या मालकीणबाई हसल्या. ते सगळं मला दिसलं. पुढे तू लिहितोस, 'पहिली हाक कुणी मारली असं तिने विचारलं तर? मी मारली असं सांगू का? तिच्या आईची तशी इच्छा होती. तिथे तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. तू म्हणशील तसं सांगेन.'

वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. आलं की, हो, तसंच सांग. बाबांनी मारली. किती सरळ होतं सगळं. माळिणीचा शब्द राहतो, तुझा मान राहतो, माझी चोरी झाकली जाते. तिघांचंही भलं. लिहायलाही बसले होते. मग आठवलं की फेब्रुवारीत पहिलं पत्र लिहिताना मला असंच तिघांचं भलं दिसत होतं. हुबेहूब असंच.

म्हणून नको. खरं सांग. तिच्या आईने ती हाक बाबांसाठी ठेवली होती, आत्याने ती चोरून मारली. 'चोरून' हा शब्द गाळू नकोस. आत्याचा जीव होता म्हणून, एकटी होती म्हणून, असलं काही त्याला जोडू नकोस, तू भला माणूस आहेस, तुझ्या हातून तसं होईल. जोडायचं की नाही ते ती ठरवील. तिला राग आला तर येऊ दे. रागावली तर भांडायला माझ्याकडे येईल, आणि आली की मी तिला बसवून त्या दुपारचं सगळं सांगेन, दगड आणि वीट, टाके दुखेपर्यंत हसली ते, डोक्याचा वास घेतला ते. ऐकलेली मी एकटीच आहे, आणि हे तरी माझ्याकडून पुरतं पोचावं.

दुसरी गोष्ट. वर्कशॉपाला सुट्टी आहे त्या रविवारी ये असं तू शेवटी लिहिलंयस, पानाच्या अगदी कडेला, लिहू की नको असं करत लिहिल्यासारखं. येते. सकाळच्या गाडीने निघेन, दुपारी तुझ्या दाराशी असेन. दुकान काका बघतील, त्यांना गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळत नाही पण गिऱ्हाइकाला तोवर चष्मा मिळालेला असतो.

फक्त एक आधी कळव. दार तिनेच उघडायला धाव घेतली, धावत नसेल तर रांगत आली, माझ्यासमोर उभी राहिली, तर मी तिला काय म्हणून हाक मारू? तू सांगितल्याशिवाय मी नाव घेणार नाही. या वेळी खरंच.

ताई